धर्माच्या गाईचे दात मोजा : कचेरीतले जुने संगणक आणि आपली शाळा

बावडा, सुरवड, लाखेवाडी, पिंपरी, टणू, नरसिंहपूर आणि जिथं जिथं हा आवाज पोचतोय तिथल्या सगळ्या ताई, वहिनी, मावशी, आक्कांना नमस्कार. कुणी जेवणं उरकून टेकला असाल, कुणी खुरपायला जाताना मोबाईल कमरेला खोचून ऐकत असाल. आज हप्त्याविषयी बोलणार नाही, घाबरू नका. आज बोलायचंय कपाटावर, जिन्याखाली आणि संडासाच्या शेजारच्या खोलीत पडलेल्या वस्तूंविषयी.

आपण कामानिमित्त कचेऱ्यांत जातो. पंचायत समिती, तहसील, बँक, पोस्ट, दवाखाना. तिथं एखाद्या कोपऱ्यात जुने संगणक एकावर एक रचून ठेवलेले दिसतात. वर धूळ, त्यावर फायलींचे गठ्ठे, त्यावर कुणाची तरी पाण्याची बाटली. मी एकदा एका कचेरीत विचारलं, साहेब, हे चालू आहेत का? ते म्हणाले, “त्यातले निम्मे चालू होते, नवे आले म्हणून काढले.” कधी काढले? “झाली तीन-चार वर्षं.” तीन-चार वर्षांत चालू संगणकसुद्धा बंद पडतो, मैत्रिणींनो. न वापरलेली मोटार जशी जाम होते तसंच.

आणि याच तीन-चार वर्षांत आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळेत काय होतं? मुलांना संगणकाचं चित्र पुस्तकात दाखवतात. केंद्र सरकारचा यूडायस नावाचा शाळांचा अहवाल असतो. त्यात २०२३-२४ साली देशातल्या शंभर शाळांमागे साधारण ५७ शाळांत संगणक होता. त्यानंतर आकडा वाढलाय. पण आकड्यात ‘आहे’ म्हणजे मुलाच्या हाताला लागतो असं नसतं. मोठ्या साहेबांच्या टेबलावर एक आहे, तोही शाळेची माहिती भरायला, हेही ‘आहे’तच येतं.

याचं मोल कधी कळतं? मुलं मोठी झाल्यावर. २०२३ साली तलाठी भरती झाली. जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांवर. ती परीक्षा कागदावर नव्हती, संगणकावर होती. इंजिनिअरिंग-फार्मसीची सीईटी २०१९ पासून संगणकावर आहे. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी अशीच परीक्षा देऊन आली आणि म्हणाली, “आई, उत्तरं येत होती गं, पण माउस कुठल्या कुठं पळत होता, पहिली पंधरा मिनिटं त्यातच गेली.” पंधरा मिनिटांत दहा-बारा प्रश्न होतात. ती हुशार आहे, मोबाईल डोळे झाकून चालवते. पण मोबाईल म्हणजे संगणक नव्हे. बोटानं सरकवणं वेगळं, माउस धरून नेमक्या गोलात टिचकी मारणं वेगळं. हे शिकायला महागडं यंत्र लागत नाही, दहा वर्षांपूर्वीचं चालतं. म्हणून म्हणते, ती कोपऱ्यातली रास आपल्या कामाची आहे.

आत्ताच का बोलतेय, तेही सांगते. बहुतेक कचेऱ्यांतल्या संगणकांवर विंडोज १० नावाची प्रणाली चालते. ती काढणाऱ्या कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची नेहमीची देखभाल थांबवली. नवी प्रणाली, विंडोज ११, ही साधारण २०१८ च्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर कंपनीच्या नियमाप्रमाणे बसत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, पण कचेरीच्या कामाला सुरक्षित राहिलं नाही. म्हणून ठिकठिकाणी बदली होणार. चांगल्या हालचालीतली यंत्रं एकदम इतकी बाहेर पडण्याची वेळ रोज येत नाही.

मग कचेरीवाले ती शाळेला देऊन का टाकत नाहीत? आपण लगेच म्हणतो, त्यांना द्यायचंच नाही. तसं नसतं. मी बऱ्याच ठिकाणी बसून हे समजून घेतलंय, तर जरा सविस्तर सांगते, कारण गाडी इथंच अडते.

प्रत्येक सरकारी कचेरीत एक जाड वही असते. जडवस्तू संग्रह नोंदवही, बोलीत डेड स्टॉक रजिस्टर. खुर्ची, टेबल, पंखा, संगणक, सगळं त्यात नंबरानं लिहिलेलं असतं. वही ज्या कारकुनाच्या ताब्यात, तो त्या वस्तूंना जबाबदार. त्याची बदली झाली की पुढच्याला वस्तू मोजून द्यायच्या, निवृत्त होताना मोजून द्यायच्या. एक प्रिंटर कमी भरला तर विचारणा त्यालाच. आता सांगा, आपल्या गटाची शिलाई मशीन तुमच्या नावावर लिहिलीय आणि शेजारचा गट म्हणाला, तुमच्याकडं पडूनच आहे, द्या आम्हाला. ठरावाशिवाय, पावतीशिवाय द्याल? नाही देणार. कारकूनभाऊंचंही तेच. संगणक मेला तरी चालेल, पण जागेवर दिसला पाहिजे. पडून राहिला तर कुणी विचारत नाही, दिला तर ऑडिटला उत्तर द्यावं लागतं.

वहीतून वस्तू बाहेर काढायचे दोन रस्ते आहेत आणि यातला फरक नीट ध्यानात घ्या. एक रस्ता निर्लेखनाचा. वस्तू निरुपयोगी झाली असा तांत्रिक दाखला घ्यायचा, समितीनं बघायचं, ज्याला अधिकार आहे त्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची, मग लिलाव किंवा भंगार. दुसरा रस्ता हस्तांतराचा. वस्तू चालू आहे, आम्हाला जास्तीची झालीय, दुसऱ्या सरकारी संस्थेला गरज आहे, म्हणून एका वहीतून कमी करून दुसऱ्या वहीत जमा करायची. शाळेला चालू संगणक मिळायचा तर दुसरा रस्ता हवा, आणि पहिला सुरू व्हायच्या आत हवा. का? तर एकदा का यंत्रावर ई-कचरा असा शिक्का बसला की कायदा लागतो. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२, हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या वापरकर्त्या कचेऱ्यांनी आणि कंपन्यांनी असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीदार किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडंच द्यायचा असतो. तो नियम योग्यच आहे. नाहीतर तारा जाळून तांबं काढायचा धूर आपल्याच ओढ्याकडेला झाला असता, आणि काही ठिकाणी होतोच.

तेव्हा कचेरीत जाऊन ‘तुमचं भंगार द्या’ असं म्हणूच नका. ‘जास्तीची झालेली, चालू स्थितीतली यंत्रं शाळेकडं हस्तांतरित करा’ असं म्हणा. शब्दानं फरक पडतो. कारकुनालाही हायसं वाटतं, कारण त्याला समोरून पावती मिळणार असते.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आहेत. त्यात दोन लाखांच्या वर किंमत धरलेल्या जुन्या मालाला जाहीर निविदा किंवा लिलाव सांगितलाय. त्याच्या खालच्या मालाची विल्हेवाट कशी लावायची ते अधिकाऱ्यानं ठरवायचं, आणि ठरवताना माल साचून जागा अडू नये, त्याची किंमत घटू नये हे बघायचं, असंही नियमातच लिहिलंय. आपल्या जिल्हा परिषदेला, पंचायत समितीला १९६८ ची लेखा संहिता आहे, ग्रामपंचायतीला २०११ ची. मी वकील नाही. पण एवढं नक्की सांगते की ‘नियमात बसत नाही’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे विचारा, “साहेब, कुठल्या नियमात बसत नाही ते लिहून द्याल का?” पुष्कळ वेळा तिथंच खुर्ची पुढं सरकते आणि चहा येतो.

गंमत बघा. जुलै २०२३ मध्ये केंद्रानं आपल्या अधिकाऱ्यांच्या लॅपटॉपविषयी नियम काढले. चार वर्षं वापरल्यावर तो लॅपटॉप अधिकाऱ्याला स्वतःसाठी ठेवून घेता येतो, फक्त त्यातली सरकारी माहिती पूर्ण पुसून. साहेबाच्या घरी जायला वाट काढता येते, तर वस्तीशाळेपर्यंतही काढता येईल की.

बाहेरच्या देशांत हे चाललंय, फार लांबण लावत नाही. कॅनडात १९९३ पासून सरकारी आणि खासगी कचेऱ्यांतले जुने संगणक दुरुस्त करून शाळांना द्यायची योजना आहे. अमेरिकेत १७ एप्रिल १९९६ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की सरकारी खात्यांनी जास्तीचे संगणक शाळांना द्यावेत. आपल्या देशातही निर्यात करणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना एक सवलत आहे. शुल्क न भरता आणलेले संगणक दोन वर्षं वापरल्यावर मान्यताप्राप्त, धंदा न करणाऱ्या शिक्षणसंस्थांना, सार्वजनिक वाचनालयांना, शुल्क न भरता दान देता येतात. आपल्या पुण्यात तर अशा कंपन्यांची रीघ आहे. आणि पुण्यातच पूर्णम इकोव्हिजन नावाची संस्था ‘ई-यंत्रण’ म्हणून मोहीम घेते. लोकांकडून बंद पडलेली यंत्रं गोळा करायची, जी सुधारतात ती सुधारून गरजू शाळांना द्यायची, बाकीची नोंदणीकृत कारखान्याला. म्हणजे पुण्यातल्या कुणाच्या माळ्यावरचा संगणक खेड्यातल्या शाळेत जाऊ शकतो.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्यात म्हण आहे, धर्माची गाय आणि दात का गं न्हाय. म्हणजे फुकट मिळालेल्याची चौकशी करू नये. मला ही म्हण मान्य नाही. निदान संगणकाच्या बाबतीत तरी धर्माच्या गाईचे दात मोजायचे. कारण न चालणारा संगणक शाळेत आला की तो शाळेच्या वहीत चढतो, आणि कारकूनभाऊंची डोकेदुखी आपल्या गुरुजींच्या माथी बसते. एक खोली अडते. वर ‘शाळेत दहा संगणक आहेत’ अशी नोंद होते, म्हणून पुढं खरे मिळायचे तेही मिळत नाहीत. दिलेल्याचा फोटो पेपरात येतो, घेतलेल्याच्या पदरी कचरा.

तर दात कसे मोजायचे? आणायला जाताना गावातला मोबाईल-संगणक दुरुस्त करणारा पोरगा बरोबर घ्या. त्याच्या दिवसाची हजेरी गटानं द्यावी, फुकटात नेऊ नका. प्रत्येक यंत्र तिथंच लावून बघायचं. जुना ढोल्या पडद्याचा, मागं फुगलेला मॉनिटर अजिबात घ्यायचा नाही. त्याच्या काचेत शिसं असतं, तो वीज खातो आणि फुटला तर मुलांना धोका. सपाट पडदाच घ्या. यंत्र सुरू होत नसेल तरी लगेच नाही म्हणू नका. आतली रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासून परत बसवली की पुष्कळ यंत्रं उठून बसतात, हे मी स्वतः बघितलंय आणि अजून हसू येतं. यंत्राची तारीख सारखी मागं जात असेल तर आत रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो तो बदलायचा, किरकोळ खर्च आहे. सावकाश चालत असेल तर आतली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालायची आणि रॅम वाढवायची. नव्या यंत्राच्या किमतीच्या मानानं खर्च थोडा आणि फरक पडतो तो बैलगाडी आणि एसटीचा. दहा यंत्रं असतील आणि सहा चालणारी असतील, तर सहा घ्या. सातवं सुट्या भागांसाठी घेतलं तर तसं कागदावर लिहून घ्या. कीबोर्ड, माउस मात्र नवेच आणा, जुन्या कीबोर्डाची अक्षरं पुसलेली असतात आणि शिकणाऱ्या मुलाला अक्षर दिसलं पाहिजे.

यूपीएसची बॅटरी बहुधा मेलेलीच असते. ती शाळेच्या कोपऱ्यात ठेवू नका, आत तेजाब आणि शिसं आहे. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो.

पुसून घेण्याचं सांगितलंच पाहिजे. कचेरीच्या संगणकात आपलीच कागदपत्रं असतात, मैत्रिणींनो. आपल्या आधारकार्डाची नक्कल, बँकेच्या पासबुकाचा फोटो, घरकुलाची यादी, गटातल्या बायांचे अंगठे. साधं डिलीट केलं किंवा वरवर फॉरमॅट मारलं तर जाणकार माणूस ते परत काढू शकतो. पाटीवरचं थुंकीनं पुसलं तरी पांढुरकं अक्षर दिसत राहतं ना, तसं. म्हणून देणाऱ्या कचेरीनं पूर्ण पुसणाऱ्या प्रोग्रामनं पुसून ‘माहिती नष्ट केली’ असं लेखी द्यावं. त्यांना जमत नसेल तर हार्ड डिस्क त्यांनीच काढून ठेवावी, आपण रिकामं यंत्र घेऊन त्यात आपली एसएसडी घालू. पुष्कळ साहेब या भीतीनंच यंत्र देत नाहीत. आपणच आधी हा विषय काढला की त्यांचा विश्वास बसतो.

पुढचा प्रश्न, चालवायचं कशावर? विंडोज नव्यानं विकत घ्यायला पैसे लागतात, आणि चोरून घातलेलं शाळेत नको. त्यासाठी लिनक्स नावाची मोफत प्रणाली आहे, जुन्या यंत्रावर हलकी चालते. आपल्याच सी-डॅकनं, जे १९८८ साली पुण्यात सुरू झालं, बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स केलीय. केरळनं २००१ साली आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढं सरकारी शाळांत मोफत प्रणालीच वापरली. तिथली आठवी-नववीची मुलं शाळेतली यंत्रं स्वतः सांभाळतात. गुरुजी म्हणतील, आम्हाला हे येत नाही. पण लिहायचं, चित्र काढायचं, हिशेबाचा तक्ता करायचा, ते सगळं तसंच दिसतं. मराठी टायपिंगही होतं. परीक्षेच्या माउसला खाली कुठली प्रणाली आहे याचं काही देणंघेणं नसतं.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, यंत्रं आली की झालं. नाही होत. आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला १९९८ साली सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी मिळून सत्तर गावं संगणकानं जोडायचा मोठा प्रकल्प केला. गावागावांत केंद्रं, उसाच्या नोंदी, वजनाच्या पावत्या, सगळं तिथं मिळणार. देशभरातून लोक बघायला आले. काही वर्षांत यंत्रं जुनी झाली, दुरुस्ती महाग पडू लागली, वीज जायची. मग मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या लोकांनी काही गावांत करून बघितलं की केंद्रातल्या संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती देता येते, आणि ते स्वस्त पडलं. मला यात वारणेला नावं ठेवायची नाहीत, त्यांनी आपल्या आधी करून बघितलं. पण यंत्र आणण्याच्या दिवशी ढोल वाजतो आणि तिसऱ्या वर्षी फ्यूज उडाल्यावर कुणी नसतं, हे तिथं दिसलं. शाळांच्या आयसीटी योजनेतही हेच. केंद्राची ही योजना २००४ ची. आपल्याकडं हायस्कुलांत ठेकेदारानं प्रयोगशाळा घालून पाच वर्षं चालवायची, मग शाळेच्या ताब्यात द्यायची, अशी पद्धत होती. ठेका संपला, संगणक शिकवणारे मानधनावरचे शिक्षक घरी गेले, आणि कितीतरी खोल्यांना कुलूप लागलं.

ग्रामपंचायतीतच बघा. २०११ साली संग्राम आलं, संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. पंचायतीत संगणक, प्रिंटर, चालवायला मुलगा किंवा मुलगी. पुढं आपले सरकार सेवा केंद्र आलं, नवी यंत्रं आली. ती पहिली कुठं आहेत? आपापल्या गावात जाऊन विचारा. मी तीन गावांत विचारलं. एका ठिकाणी सापडली, एका ठिकाणी अर्धी सापडली, आणि एका ठिकाणी मलाच विचारलं की तुम्ही कोण.

म्हणून आणायच्या आधी तीन गोष्टींची सोय बघा: वीज, खोली, माणूस. विजेचा हिशेब सोपा आहे. सपाट पडद्याचा एक जुना संगणक साधारण शंभर वॅट धरा. दहा संगणक एक तास चालले की एक युनिट. रोज तीन तास, महिन्याला वीस-बावीस दिवस, म्हणजे साठ-पासष्ट युनिट. हे बिल कोण भरणार ते आधी ठरवा. शाळेचं बिल थकून मीटर काढून नेल्याचे प्रकार आपण पाहिलेत. ग्रामपंचायत भरू शकते, ग्रामसंघ काही भाग उचलू शकतो. खोली अशी हवी की छत गळत नाही आणि उंदीर येत नाही. उसाच्या पट्ट्यात उंदरांचा त्रास तुम्हाला मी सांगायला नको, तोडणी झाली की सगळे गावात. तारा जमिनीवरून न टाकता भिंतीवरून पट्टीत घ्या.

आणि माणूस. इथं मला आपल्या गटांचं काम दिसतं. आपल्या प्रत्येक गावात एक-दोन सुना अशा आहेत ज्यांनी एमएस-सीआयटी केलंय आणि तो दाखला पत्र्याच्या पेटीत आहे. उमेदच्या कामात आपली माहिती ॲपवर भरणाऱ्या ताई आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तासभर शाळेत बसावं, ग्रामसंघानं थोडं मानधन द्यावं. बदल्यात शाळा सुटल्यावर आठवड्यातून एक दिवस ती खोली आपल्याला मिळावी. पापडाच्या पुडीचं लेबल, गटाचा ताळेबंद, मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, यासाठी आपण दर वेळी अकलूज नाहीतर इंदापूरला जाऊन पन्नास-शंभर रुपये मोजतो. एका ताईंनी मला विचारलं होतं, “मॅडम, या वयात आम्हाला जमेल का?” त्यांची सून म्हणाली, “आत्या, तुम्ही मिक्सरला घाबरत होता, आता कुणाला हात लावू देत नाही.”

दुरुस्ती शिकायची कुणा मुला-मुलीला आवड असेल तर शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला. खेड्यातल्या मुलांना हातानं काम करत शिकवतात. आपल्याच जिल्ह्यात आहे, जाऊन बघा.

आता हे घडवायचं कुठून? आपल्या हातात दोन जागा आहेत. एक शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्याच पाहिजेत. नावं पुष्कळांची असतात, सही घरी येऊन घेऊन जातात. तसं नको. सभेला जा, आणि ‘शाळेला किती संगणक लागतात, वीज-खोलीची सोय काय’ याचा ठराव लिहून घ्या. दुसरी जागा महिला सभा, जी ग्रामसभेच्या आधी व्हायला हवी. तिथं ठराव करा की ग्रामपंचायतीतले वापरात नसलेले संगणक शाळेकडं द्यावेत. तो ग्रामसभेपुढं जातो. ग्रामसेवकांना, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांनाही ठरावाचा आधार मिळतो. सुरुवात पंचायतीपासून करा, कारण तिथली वही आपल्या गावची आहे. मग मोठ्या कचेऱ्या, मग बँका, कारखाने, पतसंस्था. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लगेच टाकू नका. तो शेवटी. आधी दुपारच्या निवांत वेळेला दोघी-तिघींनी जाऊन बोला.

अर्ज कसा लिहायचा म्हणून खूप जणी विचारतात. वही-पेन घ्या, सावकाश सांगते.

प्रति, माननीय, पुढं कचेरीचं नाव. विषय, वापरात नसलेले परंतु चालू स्थितीतील संगणक शाळेस हस्तांतरित करणेबाबत. महोदय, आपल्या कार्यालयातील बदलण्यात आलेले संगणक संच आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेस विद्यार्थ्यांच्या सरावासाठी आवश्यक आहेत. शाळेत स्वतंत्र खोली व वीजजोडणी आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या अमुक तारखेच्या ठरावाची प्रत जोडली आहे. संच देण्यापूर्वी त्यातील माहिती पूर्णपणे नष्ट करावी, अशी विनंती आहे. संच तपासून, चालू असलेलेच स्वीकारले जातील आणि ते शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत जमा करून पोच दिली जाईल. आपली, मुख्याध्यापक, समितीच्या अध्यक्ष, आणि खाली ग्रामसंघाच्या अध्यक्षांची सही.

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्का मारणारे भाऊ जेवायला गेले असतील तर थांबा, पण शिक्क्याशिवाय घरी येऊ नका. आणि एखाद्या गावात यंत्रं मिळाली, किंवा नाही म्हणाले, तर काय झालं ते वाहिनीवर येऊन सांगा. कुठल्या कचेरीनं काय कारण दिलं हे बाकीच्या गावांना कळलं तर त्यांचा एक हेलपाटा वाचेल. पुढच्या वेळी आपण पोस्टातल्या सुकन्या समृद्धी खात्याविषयी बोलू. नमस्कार.